प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर

घरात संगीत ऐकण्यासाठी जे स्पीकर सर्रास वापरले जातात, त्यांच्या खोक्यात खर्जासाठी मोठा वूफर, मधल्या स्वरांसाठी मिडरेंज आणि तार स्वरांसाठी लहानसा ट्वीटर असे दोन किंवा तीन ड्रायव्हर बसवलेले असतात, आणि ॲम्प्लिफायरकडून एकाच तारेने आलेला विद्युत संदेश त्यांच्यात वाटून देण्याचे काम खोक्याच्या आतले क्रॉसओव्हर नावाचे मंडल करते. तारेची वेटोळी, कपॅसिटर आणि रोधक यांच्या या मंडलाला स्वतःचा वीजपुरवठा नसतो, म्हणून त्याला निष्क्रिय क्रॉसओव्हर म्हणतात. अनेक ॲम्प्लिफायरच्या, म्हणजे सक्रिय, रचनेत हा क्रम उलटा होतो. संदेश एखाद-दोन व्होल्टचा असतानाच तो वारंवारतेनुसार पट्ट्यांत विभागला जातो, नंतर प्रत्येक पट्टा स्वतंत्र ॲम्प्लिफायरकडे जातो आणि त्या ॲम्प्लिफायरची तार मधे काहीही न येता थेट एका ड्रायव्हरला पोचते. प्रणाली तीन वाटांची असेल, तर दोन्ही स्पीकर मिळून सहा ॲम्प्लिफायर लागतात. हा आकडा ऐकून खर्चाचे दडपण येते खरे. परंतु या सहांपैकी प्रत्येकाचे काम इतके मर्यादित आणि आधीच ठाऊक असलेले असते की, एका मोठ्या, सर्वगुणसंपन्न ॲम्प्लिफायरच्या शोधात जो पैसा जातो त्याहून पुष्कळ कमी पैशात, साधे आणि नेमके ॲम्प्लिफायर निवडून किंवा स्वतः बांधून ते चोख करता येते.

निष्क्रिय क्रॉसओव्हर काय वसूल करतो हे पाहिले, म्हणजे या खटाटोपाचे कारण कळते. वूफरच्या वाटेत येणाऱ्या वेटोळ्याला स्वतःचा रोध असतो, आणि तो ओहमच्या काही दशांशांइतका असला, तरी ॲम्प्लिफायरची वूफरच्या शंकूवरची पकड त्याने सैल होते. शिवाय ड्रायव्हरचा संरोध, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तो करीत असलेला एकूण विरोध, कागदावर लिहिलेल्या ८ ओहमवर कधीच स्थिर नसतो. अनुस्पंदनाच्या वारंवारतेजवळ तो कित्येक पटींनी चढतो आणि आतले वेटोळे तापले की आणखी बदलतो, त्यामुळे त्या संरोधावर हिशेब बेतलेल्या क्रॉसओव्हरचे वागणेही बदलत राहते. ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा जास्त संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच शक्तीत अधिक मोठा आवाज देणारा असतो, आणि त्याला वूफरच्या पातळीवर आणण्यासाठी ॲम्प्लिफायरने कष्टाने निर्माण केलेली शक्ती रोधकांत उष्णता म्हणून जाळावी लागते. सक्रिय रचनेत हेच काम पातळीचे एक बटण करते.

या रचनेचा शास्त्रीय पाया भक्कम करण्यात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील दोन अभियंत्यांचा, सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांचा, वाटा मोठा आहे. एकाच उभ्या रेषेत, पण एकमेकांपासून काही अंतरावर बसवलेल्या दोन ड्रायव्हरचे आवाज क्रॉसओव्हरच्या वारंवारतेला एकत्र येताना कसे वागतात, याचा विचार लिंकविट्झ यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला आणि त्यातून पुढे दोघांच्या नावाने ओळखला जाणारा फिल्टर रूढ झाला. त्याच्या चौथ्या कोटीच्या प्रकारात प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल इतका तीव्र उतार मिळतो, क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही पट्टे प्रत्येकी ६ डेसिबलने खाली असतात आणि त्यांच्या लहरी एकाच कलेत असल्याने त्यांची बेरीज सपाट येते. असा फिल्टर काही साध्या ऑपॅम्प चिप आणि मोजके रोधक-कपॅसिटर यांतून बनतो. आज तेच काम अंकीय संदेश-प्रक्रिया करणारे, म्हणजे डीएसपीचे, लहानसे मंडल करते आणि उतार, विलंब व पातळी संगणकावरून बदलता येतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने डीएसपीच घ्यावे, कारण ड्रायव्हर प्रत्यक्ष खोक्यात बसवून मोजल्यावर पहिला हिशेब जवळजवळ नेहमीच सुधारावा लागतो.

पट्टे आधीच वेगळे केल्याचा एक लाभ ॲम्प्लिफायरच्या शक्तीत दिसतो. ढोल-ताशाच्या एखाद्या ध्वनिमुद्रणात ढोलाच्या ठोक्यासाठी वूफरला २० व्होल्टचे शिखर हवे असेल आणि त्याच क्षणी झांजेच्या नादासाठी ट्वीटरलाही २० व्होल्ट लागत असतील, तर दोन्ही सांभाळणाऱ्या एकट्या ॲम्प्लिफायरला ४० व्होल्टपर्यंत जावे लागते, आणि ८ ओहमच्या भारासाठी तो १०० वॅटचा असावा लागतो. पट्टे वेगळे असतील, तर प्रत्येकी २० व्होल्टचे, म्हणजे २५ वॅटचे, दोन ॲम्प्लिफायर पुरतात. प्रत्यक्ष संगीतात वरचा पट्टा इतका बलवान क्वचितच असतो, त्यामुळे हा लाभ नेहमी चौपट वा दुप्पट निघतो असे मानू नये; मात्र खर्जाच्या भारामुळे वूफरच्या ॲम्प्लिफायरची लहर शेंड्यावर छाटली गेली, तरी त्या छाटणीतून निघणारे कर्कश उपस्वर ट्वीटरपर्यंत पोचत नाहीत, ही गोष्ट निश्चित आणि कानाला लगेच जाणवणारी आहे. स्पीकरच्या पाठीमागे दोन जोड्या टोके आहेत म्हणून त्यांना दोन ॲम्प्लिफायर जोडण्याची जी पद्धत आहे, तिच्यात आतला निष्क्रिय क्रॉसओव्हर जागच्या जागी राहतो आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरला पूर्ण संदेशच उचलावा लागतो, त्यामुळे वरील लाभांपैकी फारच थोडे तिच्यात मिळतात.

किती वॅट हवेत, या प्रश्नाचे उत्तर पट्ट्यागणिक वेगळे आहे. वूफरची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल आहे आणि श्रोता सुमारे ३ मीटरवर बसतो असे धरले, तर बंद खोलीत अंतरामुळे होणारी घट साधारण ६ डेसिबल आणि दुसऱ्या स्पीकरमुळे मिळणारी भर ३ डेसिबल मानून श्रोत्याकडे ८४ डेसिबल पोचतात. १०० डेसिबलची शिखरे हवी असतील, तर आणखी १६ डेसिबल, म्हणजे सुमारे ४० वॅट लागतात. परंतु लहान खोक्याचा खर्ज भरून काढण्यासाठी डीएसपीत ६ डेसिबलची उचल दिली, तर त्या पट्ट्यात लागणारी शक्ती चौपट होऊन १६० वॅटवर जाते. डीएसपीत फुकट वाटणारा प्रत्येक डेसिबल वूफरच्या ॲम्प्लिफायरला आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरला चुकवावा लागतो, हे आधीच लक्षात घेतले नाही, तर सगळा आराखडा कोसळतो. ट्वीटरची गोष्ट अगदी वेगळी आहे. संगीतातील सरासरी ऊर्जेचा फार थोडा भाग काही हजार हर्ट्झच्या वर असतो आणि ट्वीटर ९२ डेसिबलचा असेल, तर सामान्य ऐकण्यात त्याला एका वॅटहूनही कमी शक्ती पुरते. क्षणिक शिखरांसाठी २० ते ४० वॅटचा ॲम्प्लिफायर असला की पुष्कळ झाले.

ट्वीटरच्या ॲम्प्लिफायरकडून वॅटपेक्षा शांतता अपेक्षित असते. मधला रोधक गेल्यामुळे ॲम्प्लिफायरची स्वतःची सळसळ आता थेट ट्वीटरमध्ये उतरते, आणि क्रॉसओव्हरची सळसळ वर्धनाच्या पटीत मोठी होऊन तिच्यात मिसळते. अनेक बाजारू ॲम्प्लिफायर संदेश २० किंवा त्याहून अधिक पट वाढवतात. पण डीएसपी २ व्होल्ट (शिखर नव्हे, तर आरएमएस म्हणजे प्रभावी मूल्य) देत असेल, तर १० पट वर्धनातच २० व्होल्ट, म्हणजे ८ ओहमवर ५० वॅट इतका संदेश तयार होतो. वर्धन २० वरून १० वर आणल्याने मागून येणारी सळसळ ६ डेसिबलने खाली येते, आणि स्वतः बांधलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हा बदल एक रोधक बदलून होतो. ट्वीटरसाठी व्हॉल्व्हचा आणि वूफरसाठी ट्रान्झिस्टरचा, अशी सरमिसळ करण्याची हौस पुष्कळांना असते. ती करता येते, मात्र कोणता ॲम्प्लिफायर संदेश उलटा करून देतो आणि कोणाचे वर्धन किती, हे तपासून डीएसपीत जुळवून घ्यावे लागते. पहिल्या प्रयत्नात निदान मिडरेंज आणि ट्वीटर यांचे चारही ॲम्प्लिफायर एकाच आराखड्याचे ठेवणे अधिक शहाणपणाचे.

आराखडा निवडताना वर्गांची ओळख हवी. ए वर्गाचा ॲम्प्लिफायर संदेश नसतानाही पूर्ण प्रवाह वाहू देतो आणि घेतलेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेत घालवतो. एबी वर्ग शांततेत थोडाच प्रवाह राखतो. डी वर्ग ट्रान्झिस्टरची उघडझाप सेकंदाला लाखो वेळा करून खूपच कमी उष्णतेत तेच काम साधतो. डी वर्गाविषयी पूर्वी जो संशय होता, तो ब्रुनो पुट्झीज यांनी फिलिप्समध्ये आणि नंतर हायपेक्ससाठी केलेल्या मंडलांनी बराचसा दूर केला आहे, आणि वूफरसाठी आज तयार डी वर्गाचे मॉड्यूल हीच सर्वांत सोयीची निवड आहे. मिडरेंज आणि ट्वीटर यांच्यासाठी मात्र स्वतः बांधण्याचा आनंद आणि उत्तम दर्जा दोन्ही देणारी वाट म्हणजे एबी वर्गाची एलएम३८८६ ही चिप. तिला धन आणि ऋण २८ व्होल्टचा पुरवठा दिला, तर ८ ओहमवर ३८ वॅट आणि ४ ओहमवर ६८ वॅट मिळतात. बाहेर दहा-बारा सुटे भाग पुरतात आणि अति उष्णता व शॉर्ट सर्किट यांपासून ती स्वतःचे रक्षण करते. १० पटीपेक्षा कमी वर्धनात मात्र ती अस्थिर होऊ शकते, म्हणून वर सांगितलेली १० पट ही तिची खालची मर्यादाच समजावी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ या जुन्या बाजारांत यासाठी लागणारे बहुतेक सामान मिळते, पण लोकप्रिय चिपच्या नकला सगळीकडेच विकल्या जात असल्याने चिप तेवढी अधिकृत वितरकाकडून घ्यावी.

पुरवठ्यासाठी २०-०-२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर दिष्टकरणानंतर शिखर दाब २८ व्होल्टच्या आसपास येतो. भार हलका असताना आणि घरातली २३० व्होल्टची वीज चढी असताना तो आणखी वाढतो, म्हणून कपॅसिटर ५० व्होल्टचे घ्यावेत. प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅरड असतील आणि २ अँपिअर घेतले जात असतील, तर दोन भरणांमधल्या १० मिलिसेकंदांत दाब सुमारे २ व्होल्टने उतरतो, आणि एवढा उतार ही चिप सहज पचवते. उष्णतेचा हिशेब मात्र काटेकोर हवा: या दाबावर ८ ओहमच्या भारात एका चिपमध्ये कमाल सुमारे २० वॅट आणि ४ ओहममध्ये सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते, आणि मध्यम पातळीवर वाजवताना ती सर्वाधिक असते, पूर्ण आवाजात नव्हे.

अनेक ॲम्प्लिफायर एकत्र आले की सर्वांत चिवट शत्रू गुणगुण हा असतो. प्रत्येक ॲम्प्लिफायरची भूतार दुसऱ्याच्या भूतारेला दोन वाटांनी जोडली गेली की त्या वेढ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह शिरतो आणि स्पीकरमध्ये अखंड घुमतो. सहा स्वतंत्र पेट्यांपेक्षा मिडरेंज आणि ट्वीटर यांचे चारही लहान ॲम्प्लिफायर एकाच धातूच्या पेटीत, एकाच ट्रान्सफॉर्मरवर ठेवून सगळ्या भूतारा एका बिंदूवर आणणे त्यामुळे श्रेयस्कर ठरते. वूफरना मात्र त्यांचा वेगळा पुरवठा द्यावा. गुणगुण घालवण्यासाठी पेटीचे अर्थिंग तोडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कधीही मानू नये.

बांधून झालेला ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू करताना विजेच्या वाटेत जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. तो क्षणभर उजळून मंद झाला, तर आत शॉर्ट नाही असे समजावे. त्यानंतर स्पीकर न जोडता टोकांवरचा एकदिश दाब मोजावा आणि तो काही दशक मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल, तर पुढे जाऊ नये. ट्वीटर सर्वांत शेवटी, आणि त्याच्यासोबत सिरीजमध्ये ३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. ८ ओहमच्या ट्वीटरला तो सुमारे ६६० हर्ट्झच्या खालचा संदेश क्रमाक्रमाने कमी करतो आणि एकदिश दाब पूर्ण अडवतो, त्यामुळे २,५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला फारसा धक्का न लावता चालू-बंदच्या धक्क्यापासून आणि चुकून आलेल्या एकदिश दाबापासून त्या नाजूक वेटोळ्याचे रक्षण होते. डीएसपीच्या तारांची अदलाबदल होऊन खर्जाचा पट्टा ट्वीटरकडे गेलेला नाही, हे अगदी हळू आवाजात तपासून मगच मायक्रोफोनने पातळ्या आणि विलंब जुळवावेत. चौथ्या कोटीचा लिंकविट्झ-रायली फिल्टर वापरला असेल, तर एका ड्रायव्हरची तार मुद्दाम उलटी जोडून मोजमाप घ्यावे; क्रॉसओव्हरच्या वारंवारतेला आलेखात खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा दिसला, तर दोन्ही ड्रायव्हर खरोखरच एका कलेत आहेत, आणि मग ती तार पुन्हा सरळ करून ठेवावी.