नावाचा शेवट कोणता?

धाकट्या बहिणीचे बारसे आले, की घरात 'आ' किंवा 'ई'ने संपणारे नाव शोधू लागतात. असे का बरे? संस्कृतात पुष्कळ स्त्रीलिंगी नामांच्या शेवटी हे स्वर येतात; सीता, गौरी ही नावे पाहा. पण हा भाषेचा रिवाज आहे, निसर्गाचा नियम नव्हे. फारसीच्या व्याकरणात लिंगभेदच नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा जिच्या स्मरणार्थ बांधला, त्या बेगमेचे (मृत्यू १६५७) फारसी नाव दिलरस बानू. त्यातले 'दिलरस' व्यंजनाने संपते! आपली 'किरण'ही तशीच : लिहिताना 'ण', उच्चारताना 'ण्'. उलट कृष्णा, हरी हे मुलगे! वर्गाच्या हजेरीपटातील नावे मोठ्याने वाचा, शेवटचे ध्वनी मोजा आणि मगच बहिणीसाठी नाव सुचवा.