मुळशी तालुका
महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील एक तालुका. मुख्य ठाणे पौड. तो पुणे शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या मुख्य धारेपर्यंत पसरला असून त्याच्या उत्तरेस मावळ तालुका व पश्चिमेस रायगड जिल्हा आहे. ताम्हिणी घाटाने तो कोकणाशी जोडला आहे. मुळा व मुठा या नद्या येथेच उगम पावतात. या अतिपर्जन्याच्या डोंगराळ भागात भात हे मुख्य पीक असून त्याचा आंबेमोहोर हा सुवासिक वाण प्रसिद्ध आहे. कोरीगड, घनगड व कैलासगड हे येथील उल्लेखनीय किल्ले होत.

मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळेवर धरण बांधावयास घेतले. त्यात जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. पां. म. बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते. या लढ्यामुळेच बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२४ मध्ये लढा संपला व १९२७ मध्ये धरण पूर्ण होऊन अनेक गावे आणि सुपीक भातखाचरे जलाशयाखाली गेली. तेव्हापासून पूर्ववाहिनी मुळेचे पाणी पश्चिमेस भिरा येथील वीजगृहाकडे वळविले जाते व पुढे कुंडलिका नदीतून अरबी समुद्रास मिळते.

तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडी येथे माहिती-तंत्रज्ञान उद्योग वाढले आहेत. पुणे परिसराची पाण्याची गरज वाढत गेल्याने, हे पाणी मूळ खोऱ्यातच वापरावे, अशी मागणी वारंवार होत आली आहे.