काहीच उघडलेलं नसताना कम्प्युटर मंद का होतो?

एकही प्रोग्रॅम उघडलेला नसताना पंखा घोंघावायला लागतो, माउस अडखळतो. विंडोज आपल्याला न विचारता कितीतरी कामं करत असते. त्यांना बॅकग्राउंड प्रोसेस म्हणतात. त्यातलं नेमकं कोणतं काम अडवून बसलंय ते आधी शोधू. दिसेल ते बंद करत सुटू नका.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटीशी चौकट आली, तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा.

आता सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे रकाने बघा. ज्याची टक्केवारी नव्वदीच्या वर आहे, त्याच्या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वांत खादाड प्रोसेस वर येते. मिनिटभर बघत राहा. आकडा क्षणभर शंभरावर जाऊन उतरला, तर काळजी नको.

‘डिटेल्स’मध्ये गेलात तर ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ ९५ दाखवताना दिसेल. हमखास फसगत होते ती इथेच. तो मोकळ्या वेळेचा आकडा आहे. तो मोठा म्हणजे प्रोसेसर रिकामा.

‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे डिफेंडरची व्हायरस-तपासणी आणि ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेटची कामं. बरेच दिवस बंद असलेला कम्प्युटर लावला की दोन्ही एकदम सुरू होतात. चार्जर लावून तासभर तसाच राहू द्या. मध्येच बंद केला, तर उरलेलं काम पुढच्या वेळी पुन्हा आडवं येतं.

‘सर्व्हिस होस्ट’च्या डझनावारी ओळी पाहूनही घाबरू नये. विंडोजच्या सेवा त्यातच चालतात. शंका आलीच, तर ‘डिटेल्स’मध्ये त्याच्या ‘svchost.exe’ या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. सिस्टीम३२ हे फोल्डर उघडलं तर ठीक; भलतंच उघडलं तर पूर्ण स्कॅन करा.

खरी डोकेदुखी डिस्कच्या रकान्यात असते. सीपीयू ५ टक्के आणि डिस्क १०० टक्के, हे जुन्या लॅपटॉपचं नेहमीचं चित्र. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर वाचणारा काटा सरकत असतो. अपडेट, तपासणी आणि फाइलींची सूची ही कामं एकाच वेळी निरनिराळ्या जागची माहिती मागतात आणि काट्याची नुसती धावपळ होते. त्यात रॅम ४ जीबीच असली, तर विंडोज जागेअभावी रॅममधला मजकूरही डिस्कवर नेऊन ठेवते. म्हणजे मेमरीचा रकाना भरला की डिस्कचाही भरतो. इथे ‘एन्ड टास्क’ दाबून फारसं काही साधत नाही. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून घ्या. माझ्या मते जुन्या यंत्रावर करावा असा पहिला खर्च हाच.

खर्चाआधी एक फुकटचा उपाय: टास्क मॅनेजरच्याच ‘स्टार्टअप’ भागात ‘हाय’ असं लिहिलेले, रोज न लागणारे प्रोग्रॅम ‘डिसेबल’ करा. ते काढून टाकले जात नाहीत, फक्त आपोआप सुरू होत नाहीत. अँटीव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नावांना मात्र हात लावू नका.

शेवटी ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत आणते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.