वेगाचं बिल कोपराच्या नावे

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी आपल्या सगळ्यांचं लक्ष नवी मुंबईकडे होतं आणि ते तिथेच असायला हवं होतं. रात्री हरमनप्रीतच्या संघाने महिला क्रिकेटचा विश्वचषक उंचावला. पण त्याच सकाळी, आपल्याकडे पोह्यांच्या बशा रिकाम्या होत असताना, टोरंटोत बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत ताणला गेला होता. चेंडू होता योशिनोबू यामामोतोच्या हातात. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या या पिचरने आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकून सहावा सामना जिंकून दिला होता. रिवाजाप्रमाणे त्याच्या हाताला निदान चार दिवसांची सुट्टी हवी. त्याने आणखी ३४ चेंडू टाकले. शेवटच्या चेंडूवर टोरंटोच्या अलेहांद्रो कर्कची बॅट मोडली, एकाच फटक्यात दोन गडी बाद झाले आणि सलग दुसरं जेतेपद डॉजर्सकडे आलं. मालिकेचा मानकरीही यामामोतोच ठरला.

या ३४ चेंडूंचं एवढं कौतुक का, हे समजून घ्यायचं तर पिचरचं काम किती बदललंय ते पाहायला हवं. १८८४ मध्ये चार्ल्स रॅडबोर्न नावाच्या पिचरने एका मोसमात ६७८ इनिंग टाकल्या. साय यंगने कारकिर्दीत ७४९ सामने पहिल्या चेंडूपासून अखेरपर्यंत एकट्याने टाकले. फार मागे जायचीही गरज नाही. १९८० मध्ये ओकलंडच्या रिक लँगफोर्डने असे २८ सामने एकहाती संपवले. २०२४ मध्ये मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल लीगमधल्या तीस संघांच्या सगळ्या पिचरांनी मिळून, २,४०० हून अधिक सामन्यांत, बरोबर २८ सामने एकहाती संपवले. एका माणसाचं एका मोसमाचं काम आता अख्ख्या लीगला पुरतं.

याला कारण आळस नाही, हिशेब आहे. संघांनी आकडे मांडले तेव्हा दिसलं की एकाच पिचरसमोर पहिल्या खेपेला बॅटर चाचपडतो, दुसऱ्या खेपेला चेंडू ओळखू लागतो आणि तिसऱ्या खेपेला ठोकतो. मग तिसरी खेप येऊच का द्यायची? पाच-सहा इनिंगनंतर पिचर बदलायचा आणि पुढे प्रत्येक इनिंगला ताजा हात आणायचा. २०१८ मध्ये टॅम्पा बे संघाने तर सुरुवातीलाच एका इनिंगपुरता पिचर आणून पाहिला. पूर्वीचा पिचर नऊ इनिंग काढायच्या म्हणून ताकद पुरवून पुरवून वापरायचा. आजच्या पिचरला सांगतात, आहे तेवढं सगळं पहिल्या चेंडूपासून ओत. जोडीला अतिवेगवान कॅमेरे आले, चेंडूची फिरकी मोजणारी यंत्रं आली. चेंडूवर बोट कुठे ठेवलं की तो किती वळतो, हे आता पिचरला दुसऱ्या क्षणी पडद्यावर दिसतं. २००८ मध्ये सरळ फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १४७ किलोमीटर होता. २०२४ मध्ये तो १५१ च्या वर गेला. एका माणसाने चार किलोमीटर वेग वाढवणं वेगळं आणि शेकडो पिचरांची सरासरीच चार किलोमीटरनी वर जाणं वेगळं.

हा वेग कुठून येतो? क्रिकेटमध्ये कोपर वाकवून सरळ केलं तर नो-बॉल मिळतो, बेसबॉलमध्ये तोच सगळा खेळ आहे. चेंडू सुटताना पिचरचा दंड खांद्यात सेकंदाला सात हजार अंशांहून अधिक वेगाने फिरतो. म्हणजे तो तसाच फिरत राहिला तर एका सेकंदात एकोणीस फेरे होतील. अलाबामात बर्मिंगहॅमला ग्लेन फ्लायसिग हे संशोधक कित्येक वर्षं ही हालचाल मोजत आले आहेत. त्यांच्या मोजमापातून निघालेला निष्कर्ष झोप उडवणारा आहे. फेकताना कोपरावर येणारा पीळ एवढा असतो की तो एकट्या अस्थिबंधावर पडला तर अस्थिबंध तुटेल. भोवतालचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून तो टिकतो. व्यायामाने स्नायू बळकट होतात, अस्थिबंध मात्र त्या प्रमाणात होत नाही. इंजिन मोठं होत गेलं आणि पट्टा तोच राहिला.

हा पट्टा पहिल्यांदा शिवला गेला तो १९७४ मध्ये. डॉजर्सचाच डावखुरा पिचर टॉमी जॉन. वय ३१, कोपर निकामी. असा पिचर तोवर निवृत्तच व्हायचा. डॉ. फ्रँक जोब यांनी एक वेगळीच गोष्ट करायचं ठरवलं. वाचकहो, अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येते ना? काहींच्या हातात ती नसतेच आणि नसल्याने फारसं अडतही नाही. डॉ. जोब यांनी टॉमी जॉनच्या उजव्या हातातली ती दोरी काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ती त्यातून ओवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७५ चा पूर्ण मोसम बाहेर बसला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

मला या माणसांबद्दल अपार आदर आहे. पण त्यांच्या यशाचा पुढे जो अर्थ लावला गेला तो मला मान्य नाही. कोपर दुरुस्त होतं म्हटल्यावर ते तुटण्याची भीतीच गेली. आज मेजर लीगमधल्या साधारण दर तीन पिचरांमागे एकाची ही शस्त्रक्रिया झालेली असते. डॉजर्सच्याच शोहेई ओह्तानीच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. लीगने स्वतः दोनशेहून अधिक जाणकारांशी बोलून डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. त्यातही बोट वेगाच्या हव्यासाकडे आणि प्रत्येक चेंडूला सगळी ताकद लावण्याकडेच आहे.

जुना काळ सोन्याचा होता, असंही मी म्हणणार नाही. पिचर सँडी कुफॅक्सने १९६६ मध्ये २७ सामने जिंकले आणि कोपराच्या संधिवातामुळे तिशीतच चेंडू खाली ठेवला. लँगफोर्डलाही १९८० सारखा मोसम पुन्हा साधला नाही. तेव्हा हात अतिकामाने झिजत होते, आता अतिवेगाने तुटतात.

म्हणून मला यामामोतो महत्त्वाचा वाटतो. उंची १७८ सेंटिमीटर, या धंद्यात बुटकाच. वजनं उचलत नाही. जपानमधले त्याचे गुरू ओसामू याडा त्याच्याकडून हलके भाले फेकून घेतात. भाला नुसत्या हाताने फेकला तर तो डगमगतो. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं अंग एका ओळीत आलं तरच सरळ जातो. यामामोतोही चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या पुढे टाकतो, २०२४ मध्ये त्याचाही खांदा दुखावला होता. पण भार एकट्या कोपरावर टाकायचा नाही, हा त्याचा धडा पक्का आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात कितीतरी मराठी घरांतली मुलं लिटल लीग म्हणजे मुलांचं बेसबॉल खेळतात. त्यांच्या आईबाबांना आणि इथून कौतुकाने व्हिडिओ पाहणाऱ्या आजी-आजोबांना एकच विनंती आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मुलांसाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत: नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू टाकावेत, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५, आणि वर्षातले निदान चार महिने फेकणं बंद. सामन्याला जाताना ही मर्यादा लक्षात ठेवा, चेंडू मोजा, आणि आकडा भरला की प्रशिक्षकाला सांगून मुलाला बाहेर बोलवा.