डाळ विकायची? आधी घरच्या तुरीचा भाव धरा

कळंब : आपल्या तालुक्यात तूर बहुतेक घरी होते. पोते बाजारात नेऊन टाकले की विषय संपला. पण डाळ करून पाकिटात विकली तर? हा विचार आता शेतकरी अन् बचत गटातल्या बायाही करतात. विचार चांगला आहे, माणूस फसतो तो हिशेबात.

मशीनचे म्हणाल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच गावांत चालते. तुरीला तेल-पाणी लावा, उन्हात वाळवा, मग भरडा. 1 क्विंटलमागे साधारण 70 किलो डाळ हाती येते. चुनी अन् टरफल ढोरांच्या कामी येते.

मी पहिल्यांदा डाळ केली तेव्हा घरची तूर म्हणून तिचे पैसे धरलेच नाही. सगळा नफाच वाटला. तुम्ही असे करू नका.

हमीभावाने (2025-26) 1 क्विंटल तूर 8000 रुपयांची. भरडाई, तेल, वीज 500 धरा. पाकीट किलोला 5 प्रमाणे 350. घरच्यांची मजुरी 600. झाले 9450. भागिले 70, म्हणजे किलोला 135 रुपये. 130 ने विकली तर क्विंटलमागे 350 रुपये आपल्याच मजुरीतून गेले. आपले आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी ऑनलाइन करा. पाकिटावर तो 14 आकडी नंबर, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरावे ते आणि पत्ता पाहिजे.

मशीन घ्यायची असेल तर केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना (पीएमएफएमई) 2020 पासून आहे. 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. किमान 10 टक्के आपला वाटा, बाकी बँकेचे कर्ज. लक्षात ठेवा, अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत राहते आणि 3 वर्षे हप्ते नीट भरले तरच कर्जात वळते होते. अर्ज सध्या घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

म्हणून कर्जाची घाई नको. पहिला हंगाम दुसऱ्याच्या मिलवर 2 क्विंटल भरडून आणा. चिंतामणीच्या दर्शनाला येणारे लोक आहेत, यवतमाळ-वर्ध्यात सोयरे आहेत, त्यांना द्या. तेच गिऱ्हाईक पूर्ण भावात दुसऱ्यांदा मागायला आले, तर मग मशीनचे पाहा.