चूक बाराव्या ओळीत, तक्रार चाळिसाव्या!

समजा, कळमेश्वरच्या एका मुलाने 'सी' भाषेत चाळीस ओळींची आज्ञावली लिहिली. बाराव्या ओळीत 'व्हाइल'चा महिरपी कंस { उघडला, पण मिटायचा राहिला. कंपायलर, म्हणजे अनुवादक, तक्रार करतो ती मात्र शेवटच्या ओळीबद्दल! असे का व्हावे?

अनुवादक वरून खाली वाचतो. संत्र्यांच्या पेट्या एकीवर एक रचतात ना, तसा उघडणारा प्रत्येक कंस तो रचत जातो. मिटणारा कंस आला, की सर्वांत वरची पेटी उचलतो. ती त्याच जातीची असावी लागते. 'मेन'ची पेटी तळाशी, 'व्हाइल'ची तिच्यावर. शेवटचा कंस तुम्ही लिहिलात 'मेन'साठी, पण उचलली जाते 'व्हाइल'ची पेटी! 'मेन' उघडाच राहतो आणि मजकूर संपतो. चूक त्याला कळते ती तेव्हा.

येथे मजकूर-संपादक कामी येतो. बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिलेल्या 'व्हीआय'मध्ये कंसावर जाऊन % ही कळ दाबली, की त्याच्या जोडीदारावर उडी पडते. शेवटच्या कंसावर ती दाबा. उडी 'मेन'ऐवजी बाराव्या ओळीवर गेली? मग हरवलेला कंस त्यापुढेच कुठेतरी हवा होता. नेमका कुठे, हे संपादक सांगणार नाही. तुमचे आवर्तन कुठे संपायचे होते, ते त्याला काय ठाऊक?

आणखी एक गंमत. अवतरणचिन्हांत किंवा टिपणात लिहिलेला कंस अनुवादक मोजत नाही. साधे संपादक कधीकधी मोजतात, आणि उडी भलतीकडेच पडते.