होस्टेलचा फायर अलार्म सारखा सारखा का वाजवून बघतात?

सकाळचे अकरा. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये अचानक कानठळ्या बसवणारा हूटर सुरू होतो. तुम्ही दचकून दार उघडता, तर समोरच्या खोलीतला मित्र दात घासत म्हणतो, "काही नाही रे, टेस्टिंग करायलेत." झालं, तुम्ही परत मोबाईलमध्ये.

२०२३ मध्ये आपल्या फोनवर मोठ्यानं बीप वाजून सरकारचा इमर्जन्सी अलर्ट आला होता, आठवतंय? आधी पोटात गोळा आला, मग वाचलं की हा नुसता चाचणीचा मेसेज आहे. फायर अलार्मची टेस्ट त्याच जातीची. पण ही वर्षातून एकदा करून भागत नाही. का भागत नाही, ते कळायला छतावरच्या त्या पांढऱ्या डबीत डोकवावं लागेल.

डबीच्या आत काय असतं?

फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते. बऱ्याच फोनमध्ये हे काम एक बारीक इन्फ्रारेड एलईडी आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर करतो. गालावरून प्रकाश परत आला की फोन समजतो, काहीतरी जवळ आहे. स्मोक डिटेक्टरमध्ये जवळपास हीच जोडी असते, फक्त अंधाऱ्या कप्प्यात आणि तिरकी बसवलेली. एरवी एलईडीचा प्रकाश सेन्सरवर पडतच नाही. धूर आत शिरला की त्याचे कण प्रकाश इकडंतिकडं उडवतात, थोडा सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो.

आता अडचण बघा. त्या सेन्सरला धुराचा कण आणि धुळीचा कण यातला फरक फारसा कळत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. तीच धूळ डिटेक्टरमध्ये साचते. कप्प्यात साचली तर उगाच अलार्म. बाहेरच्या जाळीवर साचली तर त्याहून वाईट, कारण खरा धूरच आत जाणार नाही. शिवाय बारीक किडे आत शिरतात, कुणी डिटेक्टरखाली डिओ मारतं, कुणी अगरबत्ती लावतं. मेसच्या किचनमध्ये तर धूर रोजचाच, म्हणून तिथं सहसा धुराऐवजी उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टर लावतात.

पॅनलला सगळं कळतं, पण एक गोष्ट कळत नाही

सगळ्या डिटेक्टरच्या वायर एका पॅनलला जातात. साध्या पॅनलमध्ये प्रत्येक लाईनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो आणि त्यातून कायम थोडासा करंट वाहत असतो. उंदरानं वायर कुरतडली की करंट थांबतो आणि पॅनलवर पिवळा फॉल्टचा दिवा लागतो. डिटेक्टरनं धूर पकडला की करंट वाढतो आणि लाल दिवा लागतो. नव्या, ॲड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळं "दुसरा मजला, लायब्ररी" असं थेट स्क्रीनवर दिसतं.

म्हणजे वायर तुटली तर पॅनल स्वतःच सांगतं. मग माणसानं टेस्ट कशाला करायची? कारण जाळी धुळीनं बंद झालीय हे साध्या पॅनलला दिसत नाही. रंगकाम करताना डिटेक्टरला बांधलेली पॉलिथीनची पिशवी काढायची राहिलीय, हे तर कुठल्याच पॅनलला दिसत नाही. हूटर वाजला, पण दार बंद करून, फॅन फुल्ल करून झोपलेल्या पोराला तो ऐकू आला का, हेही कळत नाही. हिरवा दिवा म्हणजे वायरिंग ठीक, एवढाच त्याचा अर्थ.

मी लातूरला ज्या खासगी होस्टेलवर राहायचो, तिथं आमच्या मजल्यावरच्या हूटरमध्ये कुणीतरी मोजा कोंबला होता. टेस्टचा आवाज नको म्हणून. पॅनलवर वर्षभर हिरवा दिवा! तो मोजा सापडला तो दिवाळीच्या साफसफाईत.

टेस्ट कशी व्हायला हवी

रूढ पद्धत अशी: पॅनलवर रोज नजर, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एक मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे भिंतीवरची ती लाल डबी, चालवून बघायची. दर वेळी वेगळी डबी, म्हणजे हळूहळू सगळ्यांचा नंबर लागतो. डिटेक्टर तपासायला लांब काठीच्या टोकाला खास टेस्ट स्प्रे लावून तो डबीजवळ सोडतात. काही जण अगरबत्तीवर काम भागवतात, पण तिचा चिकट थर आतच बसतो. मेन सप्लाय बंद करून बॅटरीवर हूटर वाजतो का, हेही बघायचं. आपल्याकडं लाईट जाणं नवीन नाही, आणि चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात लेड-ॲसिड बॅटरी लवकर दम तोडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र टेस्ट संपल्यावर होते. काम चालू असताना आवाज नको म्हणून एखादा झोन पॅनलवरून बंद ठेवतात आणि तो परत चालू करायचं विसरतात. रजिस्टरमध्ये "टेस्ट ओके", आणि अख्खा मजला अलार्मशिवाय.

नांदेडला विष्णुपुरीत असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारखा कॅम्पस घ्या. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं लातूरलाही उपकेंद्र आहे. अशा ठिकाणी लॅबमध्ये रसायनं, लायब्ररीत कागद, होस्टेलमध्ये झोपलेली माणसं. एकाच दिवशी एकच बटण दाबून सगळं तपासलं, असं होऊच शकत नाही.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना ही यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांच्या मालकानं किंवा वापरकर्त्यानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात.

"टेस्टिंगच असेल" ही सवय

१९ जानेवारी २००० ला अमेरिकेतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये पहाटे साडेचारच्या सुमाराला आग लागली. अलार्म वाजला. पण त्याआधीच्या काही महिन्यांत तिथं १८ वेळा खोटे अलार्म वाजले होते, त्यामुळं बऱ्याच मुलांना हाही तसलाच वाटला. तीन विद्यार्थी गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. यंत्रानं काम केलं होतं, विश्वास आधीच संपला होता. म्हणून टेस्टची वेळ ठरलेली आणि सगळ्यांना माहीत असलेली हवी. बुधवारी अकराला टेस्ट असते हे माहीत असेल, तर रात्री दोनला वाजलेला हूटर टेस्ट नाही हे अर्ध्या झोपेतही कळतं.

लातूरकरांनी तर याकडं जास्तच लक्ष द्यावं. नीटच्या तयारीला आलेली हजारो पोरं खासगी होस्टेलमध्ये आणि अभ्यासिकांमध्ये राहतात. सुरतमध्ये २४ मे २०१९ ला कोचिंग क्लास असलेल्या इमारतीला आग लागून २२ विद्यार्थी गेले, तेही आपल्याच वयाचे होते.

तुमच्या हातातला फोन इथं कामाला येतो. आयफोनमध्ये साउंड रेकग्निशन आणि अँड्रॉइडमध्ये साउंड नोटिफिकेशन्स नावाची सोय आहे. अलार्मचा आवाज ओळखून फोन व्हायब्रेट होतो. ऐकायला कमी येणाऱ्या मित्राला हे नक्की चालू करून द्या, पण फक्त त्यावर विसंबू नका. दुसरं, पुढच्या टेस्टच्या वेळी दार बंद करून डेसिबल मोजणारं एखादं ॲप चालू करा आणि फोन उशीजवळ ठेवा. झोपायच्या खोलीत उशीपाशी ७५ डेसिबल आवाज पोचायला हवा. फोनचा माईक अगदी अचूक नसतो, पण ५० च्या आसपासच आकडा आला तर स्क्रीनशॉट काढून रेक्टरना पाठवा. येताजाता पॅनलवर पिवळा दिवा दिसला, तर त्याचाही फोटो सोबत जोडा.